०.९०७ म्हणजे भरलं की रिकामं? व्ही६चा मोठा ब्लॉक मागायचा नियम कुणी सोपा करून सांगा

तारेवरची_कसरत (कऱ्हाड)

रामराम मंडळी. प्रश्न इंटरनेटच्या पत्त्यांचा आहे (व्ही४ म्हणजे जुनी पद्धत, व्ही६ नवी) आणि लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी कऱ्हाडला एका लोकल आयएसपीत (घरोघर इंटरनेट देणारी कंपनी) नेटवर्कचं बघतो. अकरा पीओपी (गावागावातली जोडणी-केंद्रं), चौदा हजारांच्या आसपास ग्राहक. कऱ्हाड, मलकापूर, ओगलेवाडी, उंब्रज, मसूर, पाटण, इकडं विटा, कडेगाव, पलूस, इस्लामपूर आणि आता नवीन ढेबेवाडी. शेठ मूळचे केबल टीव्हीवाले. नेटवर्क म्हणजे मी, स्प्लायसिंगला दोन पोरं, आणि फोन घ्यायला बिलिंगच्या मॅडम.

व्ही४चे पत्ते संपल्याचं रडगाणं इथं सगळ्यांना पाठ आहे. आम्ही १०३ने सुरू होणाऱ्या शेवटच्या साठ्यातून घेतलं, तेव्हा नवीन सभासदाला जास्तीत जास्त /२२ मिळायचं, म्हणजे १०२४ पत्ते (रेघेपुढचा आकडा एकनं वाढला की ब्लॉक निम्मा). (२०१९पासून तर /२३वर आलंय, ५१२.) एक हजार चोवीस पत्त्यांत चौदा हजार घरं कोंबायची म्हणजे सीजीनॅट (एकच पत्ता अनेक घरांत वाटणं) आलं, सीजीनॅट आलं की लॉग (कुठला पत्ता कधी कुणाकडं होता त्याच्या नोंदी) आले, लॉग आले की दोन वर्षं ठेवायच्या डिस्का आल्या. शेठ दर सहा महिन्यांनी विचारतात, "अजून एक डिस्क? मागची कुठं गेली?"

म्हणून व्ही६ नीट लावायचं ठरवलं. आमच्याकडं /३२ आहे. माझ्या आधीच्या माणसानं घेतलेलं. सगळे /३२ घेतात म्हणून यानंही घेतलं, आराखडा वगैरे काही नाही. आणि त्यानं प्रत्येक घराला एकच /६४ ठेवला. कागद बघितला तर शेजारी पेन्सिलनं लिहिलंय, "जपून वापरणे".

हे जपून वापरणं महागात पडलं. विट्याला आमचा एक लॉजवाला ग्राहक आहे. त्यानं राउटरवर पाहुण्यांचं वायफाय वेगळं केलं आणि काउंटरचं, सीसीटीव्हीचं वेगळं. एकाच नेटवर्कला व्ही६ मिळतंय, दुसरं कोरडं. त्याला वाटलं राउटर खराब, दोनदा बदलून आणला. खराब काही नव्हतं. फोनला आपोआप पत्ता लावायला अख्खा /६४ लागतो, त्याचे दोन तुकडे करून चालत नाही. मीच त्याला एक भाकरी दिली होती आणि दोन ताटं वाढ म्हणत होतो.

म्हणून नवा आराखडा केला. वाचलं होतं की ग्राहकाला /४८पर्यंत खुशाल द्या, कुणी जाब विचारत नाही. म्हटलं देऊन टाकू सगळ्यांना. /३२मध्ये /४८ बसतात ६५,५३६, आपले ग्राहक चौदा हजार, काळजी नको. मग पीओपीप्रमाणे वाटायला घेतलं. प्रत्येकाला एक /३६. सोळा /३६ होतात, पीओपी अकरा, झकास. पत्त्यातला नववा आकडा बघितला की कुठलं गाव ते कळतं. पण एका /३६मध्ये /४८ बसतात ४०९६, आणि एकट्या कऱ्हाडचे ग्राहक आहेत ५,२००. ढेबेवाडीला २१४. म्हणजे ढेबेवाडीत मैदान मोकळं आणि कऱ्हाडला उभं राहायला जागा नाही.

म्हटलं मोठा ब्लॉक मागू. आपल्याकडं पत्ते देणारं आयआरआयएनएन हे आशिया-पॅसिफिकला पत्ते देणाऱ्या एपीनिकच्याच धोरणानं चालतं, म्हणून एपीनिकचा कागद उघडला. वाढीव ब्लॉकसाठी लिहिलंय, एचडी रेशो (पत्ते किती भरले याचं माप) ०.९४ झाला पाहिजे, आणि तो /५६च्या हिशेबानं मोजायचा. सूत्र काय, तर वापरलेल्यांचा लॉग (हा गणितातला, लॉगॅरिदम) भागिले एकूणांचा लॉग. बारावीनंतर लॉगची आणि माझी गाठ आत्ता पडली.

एक्सेलमध्ये घातलं. चौदा हजार /४८ म्हणजे ३५,८४,००० /५६. /३२मध्ये एकूण /५६ होतात १,६७,७७,२१६. उत्तर आलं ०.९०७.

नेमके शेठ मागं उभे. म्हणाले, "म्हणजे ९१ टक्के भरलंय की! मग अडलंय कुठं?" मी म्हटलं, थांबा. साधा भागाकार केला तर २१.४ टक्के. शेठ माझ्याकडं असं बघायला लागले की मी पेट्रोलच्या बिलात काहीतरी केलंय.

तर प्रश्न असा. एक, हा लॉग कशासाठी? दोन, ०.९४ म्हणजे माणसांच्या भाषेत किती? तीन, जगात कुठं याहून सोपा नियम आहे का, आणि असला तर आपल्याकडं का नाही?


क्रॉसबार (पुणे, सेवानिवृत्त)

कसरतराव, तुमच्या शेठना माझा नमस्कार सांगा. त्यांची शंका चुकीची नाही.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते सोपं. /३२साठी ०.९४ म्हणजे ६१,८३,५३३ /५६. टक्केवारीत ३६.९. तुम्ही सगळ्यांना /४८ देणार असाल तर साधारण २४,१५५ ग्राहकांना गाडी स्टेशनात लागेल. तुम्ही चौदा हजारांवर आहात, म्हणजे निम्म्याहून थोडे पुढं. ०.९० आणि ०.९४मध्ये बोटभर अंतर वाटतं, पण लॉगच्या पट्टीवर बोटभर म्हणजे गावभर.

आता लॉग कशाला. मी टेलिफोनमध्ये अख्खी नोकरी काढली. स्ट्रॉजर एक्स्चेंजपासून सुरुवात, मग क्रॉसबार, ई-१०बी, सी-डॉट. तुमच्या कऱ्हाडचा एसटीडी कोड ०२१६४, पुढं सहा आकडे. सहा आकड्यांत किती नंबर बसतात? दहा लाख. कऱ्हाडला दहा लाख फोन कधी होते का? तरी तिथल्या माणसाला विचारा, तो म्हणेल नंबर मिळायची मारामार होती. कारण पहिला आकडा शून्य बाहेर जायला, एक विशेष सेवांना, मग एकेक लेव्हल एकेका एक्स्चेंजला. खेड्यातल्या एक्स्चेंजला हजाराची लेव्हल दिली आणि तिथं साठच जोडण्या असल्या तरी उरलेले ९४० शहरात आणता येत नाहीत. पायरीपायरीनं वाटलेल्या नंबरात प्रत्येक पायरीवर थोडं सांडतं. पायऱ्या जास्त, तितकं सांडणं जास्त.

हेच तुमचं ढेबेवाडी-कऱ्हाड आहे.

हे सांडणं मापात धरायचं म्हणून लॉग. नोव्हेंबर २००१मध्ये आलँ द्युराँ आणि क्रिस्तियाँ ह्युतेमा यांनी आरएफसी ३१९४ या इंटरनेटच्या तांत्रिक कागदात हा एचडी रेशो मांडला. त्यात त्यांनी उदाहरणंही टेलिफोनची घेतली आहेत, फ्रान्सचे नंबर आठ आकड्यांवरून नऊ आकड्यांवर गेले ते वगैरे. त्यांचं म्हणणं, जेव्हा जेव्हा लोकांनी कंटाळून आकडा वाढवला, तेव्हा हा रेशो साधारण एकाच पट्ट्यात सापडतो. ०.८० सुखाचं, ०.८५ म्हणजे जीव मेटाकुटीला, ०.८७ म्हणजे संपलंच. म्हणजे मुळात हे मोजमाप त्रासाचं होतं, ताप किती चढलाय बघायचा थर्मामीटर. पुढं पत्ते देणाऱ्यांनी त्याचं फाटक केलं.

गंमत बघा. आधी फाटक ०.८०वर होतं आणि मोजायचं एकक /४८. त्या हिशेबानं /३२ला ७,१३२ ग्राहक झाले की पुढचा ब्लॉक मागायला मोकळे. तुम्ही केव्हाच पास झाला असता. मग एवढ्या उधळपट्टीनं पुढं कसं होणार म्हणून एकक /५६ केलं आणि रेशो ०.९४. गणित म्हणून चूक नाही. पण फाटकावरच्या पाटीवर लॉग लिहिला की वाचणारा माणूस आत जायचं सोडून परत फिरतो. तुमच्या आधीच्या माणसानं पेन्सिलनं "जपून वापरणे" लिहिलं ना, ते असंच येतं. नियम कळला नाही की माणूस काटकसर करतो.


व्हर्जिनियाकर (ॲशबर्न)

मूळचा सांगलीचा, त्यामुळं पलूस-कडेगाव वाचून बरं वाटलं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे. उत्तर अमेरिकेत पत्ते ॲरिन देतं. त्यांनी हा लॉग बाजूला ठेवून सरळ बोटांवर मोजायचा नियम केला. मी इथं डेटा सेंटरच्या कामात दोनदा हा अर्ज भरलाय, कॅल्क्युलेटर लागला नाही.

नियम असा. तुमचं सगळ्यांत मोठं पीओपी घ्या. त्याला लागतील तेवढे पत्ते ७५ टक्क्यांच्या आत बसले पाहिजेत, आणि ब्लॉकचं माप हेक्सच्या (० ते ९ आणि पुढं ए ते एफ अशा सोळांतल्या) आकड्यावरच तुटलं पाहिजे. म्हणजे /४८, /४४, /४०, /३६, /३२ अशा चारचारच्या उड्या. मग तेवढंच माप सगळ्या पीओपींना, लहान असो की मोठं. आणि पीओपींची संख्याही तशीच ७५ टक्क्यांत बसवून वर उचलायची.

तुमचंच घेऊ. कऱ्हाड ५,२००. ४०९६चे ७५ टक्के ३०७२, त्यात बसत नाही. पुढची उडी ६५,५३६, म्हणजे कऱ्हाडलाच एक /३२. पीओपी अकरा. सोळाचे ७५ टक्के बारा, बसले. सोळा /३२ म्हणजे /२८. झालं. कऱ्हाडच्या चौदा हजार ग्राहकांच्या आयएसपीला ॲरिनच्या नियमानं /२८ मागता येतं, आणि तुमच्या नियमानं /३२च्या पुढं एक पाऊल नाही.

कंपन्या-कॉलेजांना स्वतःसाठी घ्यायचं असेल तर तक्ता त्याहून सोपा. एक जागा असेल तर /४८. बारापर्यंत /४४. १९२पर्यंत /४०. ३,०७२पर्यंत /३६. ४९,१५२पर्यंत /३२. सगळीकडं तेच बारा आणे: १६चे, २५६चे, ४०९६चे. आमच्याकडं एका नवीन मुलानं जेवणाच्या सुट्टीत पेपर नॅपकिनवर मांडून दाखवलं होतं, बरोबर होतं.

हेक्सच्या आकड्यावर तोडण्याचा फायदा तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही स्वतः नववा आकडा गावाला दिलाय. /२९, /३०, /३१ अशी मापं दिली की तो आकडा अर्धा तुमचा आणि अर्धा शेजाऱ्याचा होतो. रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव शोधायची सोय) लिहिताना कळतं काय ताप होतो ते.


चिकित्सक_चिपळूण

सगळं छान आहे हो, पण एक गणित करा. कसरत यांनी उद्या अजून दोन पीओपी टाकले. अकराचे तेरा झाले. तेरा काही बारात बसत नाहीत. मग सोळावरून उडी थेट २५६वर. /२८चं /२४ झालं! दोन गावं वाढली आणि ब्लॉक सोळापट. हा सोपा नियम की लॉटरी?

सोपे नियम आपण आधी एकदा करून बघितलेत. व्ही४चे ए, बी आणि सी वर्ग. तीनच मापं, लहान पोरालाही कळेल. सीमध्ये २५६, बीमध्ये ६५,५३६, एमध्ये १ कोटी ६७ लाख. पाचशे मशीनवाल्याला सी पुरत नाही, म्हणून त्यानं बी घेतला आणि पासष्ट हजार कुजवले. ॲपलकडं आजही १७ने सुरू होणारे सगळेच्या सगळे आहेत. सप्टेंबर १९९३मध्ये सीआयडीआर (हवं तेवढं माप कापून द्यायची पद्धत) आणून ही मापं मोडली, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आज कसरत यांना १०२४ पत्त्यांत चौदा हजार घरं कोंबावी लागतात ती त्या सोपेपणाचीच फळं.

लॉग अवघड असेल, पण तो कुणाला सोळापट उडी मारू देत नाही. ०.९४ झालं की एक बिट वाढवून मिळतो, दुप्पट. मला तरी ते जास्त शहाणपणाचं वाटतं.


तारेवरची_कसरत

चिपळूणकर, उडीचं पटलं. मसूरच्या पुढं एक आणि पाटणच्या वर एक असे दोन पीओपी खरंच डोक्यात आहेत, म्हणजे तुम्ही माझ्या वहीत बघूनच लिहिलंत.

पण ए-बी-सीशी तुलना मला जरा जड वाटते. तिथं सगळे मिळून ४२९ कोटी पत्ते होते. इथं मी काल रात्री जेवताना हिशेब केला (सौ.नी विचारलं, पुटपुटताय काय). सध्या जो भाग वाटायला उघडलाय तो २०००::/३, म्हणजे एकूणाचा आठवा हिस्सा. त्यात /२८ होतात ३ कोटी ३५ लाख ५४ हजार आणि काही. जगात तेवढे आयएसपी आहेत का? आमच्या तालुक्यात सहा आहेत आणि त्यातले दोन एकमेकांचे साडू आहेत. आणि हे संपलं तरी सात हिस्से गोदामात तसेच.

माझं दुखणं वेगळं आहे. व्ही४मध्ये नियम कडक होता कारण माल संपत होता. एपीनिकचा साठा एप्रिल २०११मध्ये शेवटच्या /८वर आला, तेव्हा रांग लावणं, माणशी मोजून देणं बरोबरच होतं. व्ही६मध्ये माल आहे, पण रेशन दुकानाची सवय जात नाही. आणि ती सवय वरून खाली येते. मला ब्लॉक मिळेल की नाही याची धास्ती, म्हणून मी लॉजवाल्याला एक /६४ देतो. मग तो दोन राउटर विकत घेतो. नियम लिहिणाऱ्यानं विट्याच्या लॉजचा काउंटर बघितलेला नसतो, त्याचा काही दोष नाही. पण लॉग लिहिताना खाली किती पायऱ्या आहेत ते त्यानं मोजायला हवं होतं.

क्रॉसबार काका, एक विचारायचं राहिलं. मोठा ब्लॉक पहिल्याच वेळी मागितला असता तर?


क्रॉसबार

तर आराखडा दाखवून मागता आला असता. पहिल्या वाटपात /३२हून मोठं हवं असेल तर रचनेचा कागद किंवा हातातलं व्ही४ नेटवर्क आणि ग्राहकसंख्या दाखवून मागणी करायची सोय एपीनिकच्या धोरणात आहे. पहिल्या वेळी तुम्ही काय करणार ते विचारतात, दुसऱ्या वेळी तुम्ही काय केलंत ते. तुमच्या आधीच्या माणसानं तेव्हा अर्धा दिवस बसून अकरा गावांचा कागद केला असता तर आज ही वेळ नव्हती. पण फार बोल लावू नका. एकेकाळी पहिल्या ब्लॉकसाठीसुद्धा दोन वर्षांत २०० जणांना पत्ते देऊ असा आराखडा लागायचा आणि लोक घाबरून अर्जच करत नसत. त्यापेक्षा डोळे मिटून /३२ घेणारा बरा.

आणि पत्ते देताना विरळ देतात, शेजारचा प्लॉट मोकळा ठेवून. त्यामुळं पुढं वाढवून घेतलं तर लागूनच मिळायची शक्यता चांगली, राउटिंगमध्ये नवी ओळ वाढत नाही.


राइनकाठचा (ड्युसेलडॉर्फ)

उशिरा आलो, पण एक बाजू राहिली आहे.

आमच्याकडं युरोपात पत्ते रायप एनसीसी देतं. त्यांनी २०१२मध्ये काय केलं? /३२ मागायला आलेल्याला सांगितलं, हवं तर /२९ घे, कारण विचारत नाही. ज्यांच्याकडं आधीचं /३२ होतं त्यांनाही /२९पर्यंत वाढवून दिलं. २९च का? कारण जुन्या पद्धतीत प्रत्येक /३२च्या आजूबाजूला /२९पर्यंतची जागा राखून ठेवलेलीच होती. ती रिकामी पडून राहणार, त्यापेक्षा देऊन टाका. हेक्सच्या आकड्यावर तुटत नाही हे व्हर्जिनियाकरांचं म्हणणं खरं, आम्ही त्याबद्दल अजून कुरकुरतो. पण नियम एका ओळीचा झाला, आणि आमच्यासारख्या शहरापुरत्या आयएसपीला आयुष्यात परत अर्ज करावा लागला नाही. डॉइश टेलिकॉमसारख्यांना त्याहून कितीतरी मोठं लागतं, त्यांच्याकडं २००३::/१९ आहे, ८,१९२ /३२ एका जागी. तेवढं मागणाऱ्याकडून कागद मागणं ठीक आहे. चौदा हजारवाल्याकडून कशाला?

आता कसरत, राग मानू नका. तुमचा ब्लॉक लहान नाहीये. तुमचा वाढप्या चुकतोय.

घरोघर /४८ कशाला? २०१७मध्ये रायपच्या लोकांनी ऑपरेटरसाठी एक कागद काढला, रायप-६९०. सगळ्यांना सरसकट /४८ द्या, किंवा घरांना /५६ आणि धंदेवाल्यांना /४८ द्या, दोन्ही चालेल. /५६हून लहान घराला देऊ नका, आणि /६४ तर नकोच. दुसरी सूचना तितकीच मोलाची, प्रीफिक्स (ग्राहकाला दिलेला पत्त्यांचा ब्लॉक) रोज बदलू नका, ग्राहकाला कायमचा द्या. एका /५६मध्ये २५६ नेटवर्क होतात. विट्याच्या लॉजला खोलीगणिक वेगळं वायफाय केलं तरी उरतील.

तुमच्या कऱ्हाडच्या /३६मध्ये /५६ बसतात १०,४८,५७६. ग्राहक ५,२००. म्हणजे एकवीस /४८ इतकीच जागा खर्च झाली. लीज लाइनवाल्या बँका, कारखाने, कॉलेजं यांना /४८ द्या, तरी पाच टक्के होतात का बघा.

आणि नियम खटकत असेल तर बदलायला सांगा. एपीनिकमध्ये धोरणाचा प्रस्ताव कुणीही मांडू शकतं, मेलिंग लिस्टवर चर्चा होते, वर्षातून दोनदा बैठकीत येतो. हात मोजत नाहीत, सर्वसाधारण सहमती बघतात. प्रत्येक प्रस्तावाला नंबर पडतो. तिथं बोलणारे बहुतेक मोठ्या नेटवर्कचे असतात, त्यांना लॉगची सवय झालीय. अकरा पीओपीवाला कुणी बोललाच नाही तर त्यांना कळणार कसं?


व्हर्जिनियाकर

राइनकाठचे बरोबर आहेत, मी मागणीच्या भरात वाटपाकडं बघितलंच नाही. तरी प्रस्ताव लिहाच. ७५ टक्के आणि हेक्सची उडी, वर चिपळूणकरांच्या शंकेसाठी एक ओळ: पीओपींची संख्या किंचित ओलांडली तर दुप्पटच, सोळापट नाही. मसुदा इथं टाका, इंग्रजी मी बघतो.


चिकित्सक_चिपळूण

ती ओळ असेल तर माझा विरोध मागं. तेरा पीओपीचं उदाहरण मात्र मसुद्यात टाका, माझं नाव नको.


तारेवरची_कसरत

मंडळी, दहा दिवसांनी येतोय.

शेवटी /५६वर आलो. घरांना /५६, लीज लाइनवाल्यांना /४८, असे नव्वद आहेत. प्रत्येक पीओपीला /३६ तसाच. कऱ्हाड १, मलकापूर २, असं करत ढेबेवाडी बी. शून्य आमच्या स्वतःच्या राउटर-स्विचसाठी, आणि सी, डी, ई, एफ शिल्लक. म्हणजे मसूरच्या पुढचं आणि पाटणच्या वरचं दोन्ही बसून अजून दोन उरतात. सगळं मिळून /३२चा एक टक्काही भरत नाही. एचडी रेशो काढला नाही. शेठनी विचारलं, "आता किती टक्के?" मी म्हटलं, एकाच्या आत. "मग मागच्या आठवड्यात ९१ होतं ते?" याचं उत्तर मी क्रॉसबार काकांच्या एसटीडी कोडवरून दिलं. शेठचा जुना नंबर निघाला, ०२१६४ धरून तोंडपाठ आहे अजून. त्यांना पटलं असं वाटतं, निदान डिस्कचं बिल सही झालं.

रविवारी रात्री दोनला ढेबेवाडी फिरवलं, कारण ग्राहक सगळ्यांत कमी आणि शिव्या पोहोचायला वाट लांब. २१४पैकी २०५ राउटरांनी नवा प्रीफिक्स आपण होऊन उचलला. नऊ जण बसून राहिले. त्यातल्या सहांना बंद करून चालू करायला सांगितलं, जमलं. उरलेल्या तिघांचे राउटर /६४शिवाय काही मागतच नाहीत, त्यांचं फर्मवेअर फार जुनं आहे. एक तर कुणाच्या तरी पाहुण्यांनी पुण्याहून आणून दिलेला आहे आणि पासवर्ड पाहुण्यांनाच माहीत. त्या तिघांसाठी तात्पुरता जुना पत्त्यांचा साठा चालू ठेवलाय.

विट्याचा लॉज पुढच्या रविवारी. त्यानं दुसरा राउटर परत द्यायचं ठरवलंय, दुकानदार घेत नाहीये.

प्रस्तावाचं अर्धं पान लिहून झालंय. पहिल्या परिच्छेदात लॉग नाही. कऱ्हाड ५,२००, ढेबेवाडी २१४ हे दोन आकडे, त्याखाली ७५ टक्क्यांचा तक्ता आणि चिपळूणची दुपटीची ओळ. व्हर्जिनियाकर, एक अडलंय. "सगळ्यांत मोठं पीओपी" लिहिताना आजचे ग्राहक धरायचे की पाच वर्षांनंतरचे? तुमच्याकडं अंदाज चालतो म्हणता, पण इथं अंदाज म्हटलं की प्रत्येकाचं कऱ्हाड मुंबईएवढं होणार. ते वाक्य कसं बांधायचं तेवढं सुचवा.